ग्रुप सोडला, गाणी सोबत नेली : कर्टिस मेफील्डचा पहिला सोलो अल्बम

सप्टेंबर १९७० मध्ये शिकागोच्या कर्टम नावाच्या लहानशा कंपनीने एक एलपी बाजारात आणली. नाव एका शब्दाचं, 'कर्टिस'. गाणी फक्त आठ. ती आठही लिहिणारा, गाणारा, त्यांवर गिटार वाजवणारा, अल्बमचा निर्माता आणि कंपनीच्या मालकांपैकी एक, हे सगळं मिळून एकच माणूस होता : कर्टिस मेफील्ड, वय २८. त्याआधीची बारा वर्षं तो 'द इम्प्रेशन्स' या ग्रुपमध्ये गात होता आणि त्यातली बरीच वर्षं तो ग्रुप म्हणजे तोच, असं लोक धरून चालले होते.

नावाजलेला ग्रुप सोडून गायकाने स्वतःचा अल्बम काढला की आपण लगेच भांडण शोधतो. कोणाचं कोणाशी बिनसलं, कोणाच्या डोक्यात हवा गेली. क्वचित तसं असतंही. पण त्याच्या मुळाशी बहुतेक वेळा फार साधे, कोरडे प्रश्न असतात. ग्रुपचं नाव कोणाच्या मालकीचं? करार कोणाशी झालाय? गाण्यांचे हक्क कोणाकडे आहेत? आणि सगळ्यांत अवघड प्रश्न : लोकांनी ज्या आवाजावर प्रेम केलं तो या एकट्याचा होता, की सगळ्यांचा मिळून तयार झालेला? बहुतेक गायकांना या प्रश्नांची उत्तरं बाहेर पडल्यावर, वकिलांच्या ऑफिसात बसून शोधावी लागली. कर्टिसने पहिल्या तिन्हींची उत्तरं ग्रुपमध्ये असतानाच मिळवून ठेवली होती. चौथ्याचं उत्तर मात्र त्याला रेकॉर्डिंग स्टुडिओतच द्यावं लागलं, आणि ते त्याने कसं दिलं हे ऐकण्यासारखं आहे.

तिघांचा मिळून एक गळा

कर्टिस गायचा ते सोल संगीत कृष्णवर्णीय अमेरिकनांच्या चर्चमधून आलं. गॉस्पेलचे, म्हणजे चर्चमधल्या भक्तिगीतांचे सूर, त्यातली पुकार, हुंकार, भर देण्याची रीत तीच. फक्त देवाच्या जागी प्रेयसी आली, किंवा शेजारपाजार, किंवा देश. चर्चमध्ये मुख्य गायक एक ओळ टाकतो आणि बाकीचे तिला उत्तर देतात. आपल्या भजनात बुवा चरण घेतात आणि टाळकरी तो उचलून धरतात, जवळपास तसंच. टाळकरी थांबले तर बुवांचा चरण पूर्ण होत नाही. सोलो अल्बमची गोष्ट समजून घ्यायची तर ही गाठ आधी नीट पाहायला हवी.

कर्टिसची आजी, ॲनी बेल मेफील्ड, धर्मोपदेशक होती आणि तिच्याच चर्चच्या वातावरणात तो गायला शिकला. तिथेच त्याला जेरी बटलर भेटला. दोघं पोरवयात एका गॉस्पेल ग्रुपमध्ये गायचे. पुढे टेनेसीतल्या चॅटनूगा गावाहून शिकागोला आलेल्या काही मुलांशी त्यांची जोडी जमली आणि त्यातून इम्प्रेशन्स उभा राहिला. १९५८ मध्ये त्यांचं पहिलंच मोठं गाणं, 'फॉर युअर प्रेशस लव्ह', गाजलं, आणि त्याच तबकडीने ग्रुप फोडला. कंपनीने तिच्यावर छापलं होतं : 'जेरी बटलर अँड द इम्प्रेशन्स'. पाच जणांनी मिळून गायलेलं, एकाचं नाव पुढे. बटलर थोड्याच काळात बाहेर पडला आणि त्याची स्वतंत्र कारकीर्द उत्तम चालली. कर्टिस तेव्हा सोळा वर्षांचा होता. नाव छापण्याच्या एका निर्णयाने काय होऊ शकतं, हे त्याने त्या वयात पाहिलं.

काही काळ तो बटलरच्या मागे गिटार वाजवत हिंडला, त्याच्यासाठी गाणी लिहिली, पैसे साठवले आणि इम्प्रेशन्सला पुन्हा एकत्र आणलं. १९६१ मध्ये 'जिप्सी वुमन' आलं. पुढच्या वर्षी आणखी दोघं गेले आणि तिघं उरले : कर्टिस, सॅम गुडन, फ्रेड कॅश. या तिघांनी जे केलं ते त्या काळच्या इतर ग्रुपपेक्षा वेगळं होतं. इतरत्र एक जण पुढे उभा राहून गायचा आणि मागचे 'ऊ', 'आ' करायचे. इथे पुढचा कोण आणि मागचे कोण हेच कळेनासं व्हायचं. कर्टिसने ओळ सुरू करायची, मध्येच दोघांनी तिच्यात शिरायचं, शेवट तिघांनी मिळून उंच स्वरात बांधायचा. १९६५ चं 'पीपल गेट रेडी' ऐका, म्हणजे मी काय म्हणतो ते लगेच कळेल. त्या गाण्यात कर्टिसचा आवाज कुठे संपतो आणि दुसऱ्याचा कुठे सुरू होतो, हे सांगणं कठीण आहे. त्यातच त्या गाण्याचं सौंदर्य आहे.

नाव आणि करार

तेवढ्याच काळात मोटाउन कंपनीत काय चाललं होतं ते पाहिलं की कर्टिसचा वेगळेपणा उठून दिसतो. १९६७ मध्ये 'सुप्रीम्स'चं नाव बदलून 'डायना रॉस अँड द सुप्रीम्स' झालं. 'टेम्प्टेशन्स'चा मुख्य गायक डेव्हिड रफिन याला वाटलं, आपलंही नाव असंच पुढे यावं. ते झालं नाही. इतर कुरबुरीही होत्याच, आणि १९६८ मध्ये ग्रुपने त्याला काढून टाकलं. पण ग्रुपमधून काढलं म्हणजे करारातून सुटका झाली असं नव्हे. मोटाउनने त्याला सोडलं नाही, प्रकरण कोर्टापर्यंत गेलं, आणि शेवटी १९६९ चा त्याचा पहिला सोलो अल्बम मोटाउनकडूनच आला. आवाज असा की ऐकताना अंगावर काटा यावा. पण कोणतं गाणं गायचं, कोणत्या स्टुडिओत, कोणाच्या हाताखाली, यावर त्याची सत्ता फार थोडी.

टेडी पेंडरग्रासची अडचण आणखी निराळी. तो ज्या ग्रुपमध्ये गायचा त्याचं नावच 'हॅरोल्ड मेल्विन अँड द ब्लू नोट्स'. गाजलेल्या गाण्यांतला भारदस्त आवाज टेडीचा, पण पाटीवर नाव मेल्विनचं, म्हणून अनेक श्रोते टेडीलाच मेल्विन समजायचे. १९७७ मध्ये त्याने पहिला सोलो अल्बम काढला तेव्हा त्याचं नाव 'टेडी पेंडरग्रास' असंच ठेवलं. त्या आवाजाचा माणूस कोण, हे लोकांना तिथपासून सांगावं लागलं.

कर्टिसच्या बाबतीत यातलं काहीच आडवं आलं नाही. १९६८ मध्ये त्याने व्यवस्थापक एडी थॉमसबरोबर कर्टम ही रेकॉर्ड कंपनी काढली. कर्टिसमधलं 'कर्ट', थॉमसमधलं 'टॉम'. इम्प्रेशन्सच्या तबकड्या तोवर काढणाऱ्या एबीसी कंपनीशी असलेलं नातं संपलं आणि इम्प्रेशन्स स्वतःच कर्टमवर आले. वितरण न्यूयॉर्कच्या बुडा रेकॉर्ड्सकडे. म्हणजे १९७० मध्ये त्याने ग्रुप सोडला तेव्हा राजीनामा द्यायला कोणी साहेब नव्हता. उलट गुडन आणि कॅश ज्या कंपनीत राहिले ती त्याचीच होती. तो त्यांच्यासाठी गाणी लिहीत राहिला, त्यांचे अल्बम करत राहिला. ग्रुप सोडणं इतकं शांतपणे होऊ शकतं, हे मला फार महत्त्वाचं वाटतं.

दोन सेंटचा हिशेब

आता पैशाचं. हा भाग रुक्ष वाटतो म्हणून लोक टाळतात, पण सोल संगीतातल्या कितीतरी माणसांची आयुष्यं याच भागात बुडाली आहेत.

तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यात दोन मालमत्ता असतात. एक रचना, म्हणजे शब्द आणि चाल. दुसरी, त्या रचनेचं ठरावीक ध्वनिमुद्रण, ज्याला धंद्यात 'मास्टर' म्हणतात. नुसता गाणारा असेल तर त्याला मास्टरच्या कमाईतला करारात ठरलेला वाटा मिळतो, आणि तोही स्टुडिओचा, वादकांचा खर्च कंपनीने वळता करून घेतल्यावर. रचनाकाराचं वेगळं. अमेरिकेच्या १९०९ च्या कायद्याने ठरवलं होतं की तबकडीवरच्या प्रत्येक गाण्यामागे, प्रत्येक प्रतीला दोन सेंट द्यायचे. हा दर १९७७ संपेपर्यंत तसाच होता. अडुसष्ट वर्षं दोन सेंट. कंपन्या करारात तो अनेकदा आणखी खालीही आणत. शिवाय त्या दोन सेंटमधला अर्धा साधारणपणे पब्लिशर ठेवून घेई. पब्लिशर म्हणजे रचनेच्या हक्कांचा कारभार पाहणारा. कित्येक तरुण कृष्णवर्णीय गीतकारांनी हे हक्क चार पैशांसाठी, कधी न वाचताच, सही करून देऊन टाकले.

कर्टिसने १९६० च्या दशकाच्या सुरुवातीलाच स्वतःची पब्लिशिंग कंपनी काढली. कॅब्रिनी-ग्रीन या सरकारी वसाहतीत वाढलेला, शाळा अर्धवट सोडलेला, विशीतला मुलगा. त्याने रचनाही स्वतःकडे ठेवली आणि पब्लिशरचा वाटाही. आठ वर्षांनी रेकॉर्ड कंपनी काढून मास्टरच्या बाजूलाही पाय रोवला. त्यामुळे 'कर्टिस' विकला जाऊ लागला तेव्हा गाणाऱ्याचा, लिहिणाऱ्याचा आणि पब्लिशरचा, हे तिन्ही वाटे त्याच्याकडे येत होते आणि कंपनीच्या नफ्यातही त्याचा हिस्सा होता.

या हिशेबातून आणखी एक गोष्ट दिसते. गाणं तीन मिनिटांचं असो वा नऊ, दर दोनच सेंट. बारा छोटी गाणी टाकली असती तर कागदावर एका एलपीमागे २४ सेंट झाले असते. त्याने आठच टाकली, म्हणजे १६. लांब गाणी करणं त्याला तोट्याचं होतं. तरी त्याने ती केली, कारण 'तीन मिनिटांच्या आत आटप, रेडिओवाले वाजवणार नाहीत' असं सांगणारा वर कोणी नव्हता. इम्प्रेशन्सची बहुतेक गाणी त्याच मापात बसवलेली होती. 'कर्टिस'मधलं 'मूव्ह ऑन अप' नऊ मिनिटांच्या आसपास जातं. हा फरक हक्क कोणाकडे होते, यामुळे पडला.

ऑगस्ट १९९० मध्ये ब्रुकलिनमधल्या एका मैदानावर, कार्यक्रमाच्या वेळी दिव्यांचा लोखंडी सांगाडा त्याच्या अंगावर कोसळला आणि मानेखालचं शरीर लुळं पडलं. गिटार सुटली, दौरे कायमचे थांबले. गाण्यांवरचे हक्क मात्र कमवत राहिले. १९९९ च्या डिसेंबरात तो गेला, आणि २००५ मध्ये रॅपर कान्ये वेस्टच्या 'टच द स्काय'मध्ये 'मूव्ह ऑन अप'ची तुतारी नव्या पिढीने ऐकली. असा तुकडा वापरायचा तर रचनेची परवानगी वेगळी आणि मास्टरची वेगळी, दोन्ही लागतात.

रिकामी जागा कशी भरली

आता तो चौथा प्रश्न. कर्टिसचा आवाज एकट्याने मैदान मारणारा नव्हता. रफिनसारखी फाडून टाकणारी पुकार नाही, पेंडरग्रासची गर्जना नाही. पातळ, मऊ, जवळजवळ कुजबुजीतला फॉल्सेटो, म्हणजे नेहमीच्या पट्टीच्या वर, पातळ करून लावलेला आवाज. इम्प्रेशन्समध्ये गुडनचा खर्ज आणि कॅशचा मधला स्वर त्याला खालून आधार देत होते. ते दोन्ही काढून घेतल्यावर हा आवाज मोठ्या वाद्यवृंदासमोर टिकेल का, ही शंका रास्त होती.

त्याने आवाज मोठा करायचा प्रयत्नच केला नाही. त्याने आवाजाभोवतीची माणसं बदलली. साथीदार जिथे उत्तर द्यायचे तिथे आता तालवादक 'मास्टर' हेन्री गिब्सन यांचे कोंगा आणि बोंगो हे हाताने वाजवायचे ढोल उत्तर देऊ लागले. कर्टिस एक ओळ म्हणतो, थांबतो, आणि त्या मोकळ्या जागेत चामड्यावरची बोटं बोलतात. वर ब्रास, म्हणजे पितळी फुंकवाद्यं, व्हायोलिनं, हार्प. वाद्यवृंदाची मांडणी रायली हॅम्प्टन आणि गॅरी स्लाबो यांची. गायिका एटा जेम्सच्या 'ॲट लास्ट' या गाण्यातल्या सुप्रसिद्ध व्हायोलिनांची मांडणी याच हॅम्प्टनची. पुकार आणि उत्तर हा चर्चमधला सांगाडा तसाच राहिला. उत्तर देणारे बदलले.

आणि त्याची गिटार. आजीच्या घरी तो पियानो स्वतःच शिकला, तोही बराचसा काळ्या पट्ट्यांवर. मग गिटार हातात आल्यावर तिच्या तारा त्याने त्याच पट्ट्यांना लावल्या. आपल्या हार्मोनियमच्या भाषेत सांगायचं तर खालून वर : काळी तीन, काळी पाच, काळी एक, पुन्हा काळी तीन, काळी पाच आणि शेवटी काळी तीन. काळी तीनला षड्ज मानलं तर हे सा, ग, प, सा, ग, सा झालं. एकाही तारेवर बोट न ठेवता हात फिरवला तरी पूर्ण मेळ वाजतो. शिकवणीत कोणी असं शिकवत नाही आणि इतरांना ते सहज उचलताही येत नाही. म्हणून त्याची गिटार दोन सुरांत ओळखू येते : सतत झुळझुळणारी, आवाजाच्या कडेने चालणारी. दोन साथीदारांची उणीव भरून काढण्यात तिचाही वाटा मोठा आहे.

अल्बम सुरू होतो तो धक्क्याने, '(डोन्ट वरी) इफ देअर्स अ हेल बिलो, वी आर ऑल गोइंग टू गो' या गाण्याने. एक बाई बायबलमधल्या प्रकटीकरणाच्या पुस्तकाबद्दल बोलतेय, खाली बास गिटारचा करकरीत, फाटका आवाज, आणि मग प्रतिध्वनीत भिजलेला कर्टिस सगळ्यांना हाका मारतो : काळ्यांना, गोऱ्यांना, ज्यूंना, शिव्यांच्या नावांनी. म्हणतो, खाली नरक असेल तर आपण सगळेच तिकडे चाललोय. गाण्याच्या नावातलं 'डोन्ट वरी', काळजी करू नका, हे तो राष्ट्राध्यक्ष निक्सन यांच्या तोंडी घालतो. याच माणसाने पाच वर्षांपूर्वी 'पीपल गेट रेडी'त सर्वांसाठी एक गाडी आणली होती, श्रद्धा असली की पुरे, तिकीट नको असं सांगितलं होतं. मधल्या काळात मार्टिन ल्यूथर किंग यांचा खून झाला, शिकागोचा पश्चिम भाग जळला, आणि डिसेंबर १९६९ मध्ये त्याच शहरात ब्लॅक पँथर पक्षाचा एकवीस वर्षांचा नेता फ्रेड हॅम्प्टन पोलिसांच्या गोळ्यांनी मेला. इम्प्रेशन्सच्या गाण्यांतही स्वाभिमान होता. त्यांचं 'वी आर अ विनर' काही रेडिओ स्टेशनांनी वाजवायचं टाळलं होतं. पण ती गाणी धीर देणारी होती. इथे धीर देण्याआधी तो आरसा दाखवतो.

माझ्या मते अल्बमचं काळीज 'वी द पीपल हू आर डार्कर दॅन ब्लू' हे आहे. सुरुवात संथ, जवळपास अंगाई. मध्येच सगळं थांबतं आणि कोंगा, ड्रम, ब्रास यांचा वेगवान भाग घुसतो. मग पुन्हा तीच संथ लय, पण आता ती पहिल्यासारखी शांत वाटत नाही. शब्द आपल्याच माणसांना उद्देशून आहेत : दुसरे आपल्याबद्दल जे म्हणतात ते खरं करून दाखवायचं का, आणि उजळ त्वचा व गडद त्वचा असा भेद आपल्यातच का पाळायचा? एकट्याने गातोय, पण बोलतोय 'आपण' म्हणूनच. साथीदार गेले, तरी बहुवचन गेलं नाही.

'मूव्ह ऑन अप' याच्या अगदी उलट, उत्साहाने उसळणारं. पूर्वार्धात गाणं, आणि उत्तरार्धात शब्द संपतात तरी वादक थांबत नाहीत. ताल, सॅक्सोफोन, ब्रास चालूच. रेडिओसाठी कापलेली छोटी आवृत्ती ऐकू नका. गायक बाजूला होऊन सगळी जागा साथीदारांना देतो ते त्या कापलेल्या भागातच आहे, आणि तेच या गाण्याचं मर्म आहे. १९७१ मध्ये ते ब्रिटनच्या यादीत बाराव्या क्रमांकापर्यंत गेलं. 'द मेकिंग्ज ऑफ यू' हे नितळ प्रेमगीत. पुढे ग्लॅडिस नाइटनेही ते गायलं. शेवटची दोन गाणी मला तुलनेने फिकी वाटतात, 'वाइल्ड अँड फ्री'मध्ये तर वाद्यवृंद आवाजावर चढून बसतो.

अल्बम 'बिलबोर्ड' या अमेरिकन संगीत-साप्ताहिकाच्या कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिला आला आणि सर्वसाधारण यादीत १९ व्या क्रमांकापर्यंत गेला. दोन वर्षांनी 'सुपर फ्लाय' या चित्रपटाच्या संगीताने तो सर्वसाधारण यादीतही पहिला आला. तेव्हा जग त्याला ओळखायला लागलं, पण त्या अल्बममधली भाषा, म्हणजे दबका आवाज, कोंगाची उत्तरं, गोड चालीत कडू मजकूर, 'कर्टिस'मध्येच तयार झाली होती.

आणि इम्प्रेशन्स? कर्टिसच्या जागी लेरॉय हटसन आला, हॉवर्ड विद्यापीठात शिकलेला, गायक डॉनी हॅथवेबरोबर 'द घेटो' हे गाणं लिहिणारा. तोही १९७३ मध्ये ग्रुप सोडून स्वतःच्या अल्बमांकडे वळला, आणि तेही कर्टमवरच निघाले. गुडन आणि कॅश यांनी पुन्हा नवे गायक घेतले. १९७४ मध्ये 'फायनली गॉट मायसेल्फ टुगेदर' या गाण्याने ते कृष्णवर्णीय संगीताच्या यादीत पहिल्या क्रमांकावर परतले. गाणं कर्टिसचं नव्हतं, एड टाउनसेंडचं होतं. तबकडी मात्र कर्टमची.